साखर, मंद दाह आणि यकृत: रक्ताच्या अहवालात नेमके काय पाहावे?

कोवळे_ऊन (धागालेखिका)

मागील वर्षी वार्षिक रक्ततपासणीत माझ्या उच्चसंवेदी सीआरपीचा आकडा लिटरमागे ६.४ मिलिग्रॅम आला आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील चरबी, डेसिलिटरमागे २३६ मिलिग्रॅम. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन शरीरात कुठेतरी दाह चालू असल्याची वर्दी देते, एवढे मला ठाऊक होते. दररोज अर्धा लिटर गोड पेय पिण्याची माझी सवय जुनी असल्यामुळे दोष साखरेचाच, असा निष्कर्ष मी त्याच संध्याकाळी काढून टाकला आणि पेय बंद केले. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा सीआरपी १.१ वर उतरला होता, आणि मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटले. नंतर लक्षात आले, की पहिल्या तपासणीच्या आठवड्यात माझी अक्कलदाढ सुजलेली होती आणि मधल्या काळात तिच्यावर उपचार झाले होते. ज्या आकड्याचे श्रेय मी साखर सोडण्याला देत होते, तो बहुतांशी दाढेचा होता. ट्रायग्लिसराइड मात्र पाच महिन्यांत हळूहळू १४२ पर्यंत आले, आणि त्याच्याकडे मी सुरुवातीला लक्षसुद्धा दिले नव्हते.

या चुकीमुळे मी हा विषय मुळापासून वाचायला घेतला. जे समजले ते येथे मांडत आहे. जाणकारांनी दुरुस्त्या जरूर सुचवाव्यात. माझे म्हणणे थोडक्यात असे, की जादा साखर दाह वाढवते हे खरे असले, तरी ती बहुतेक वेळा यकृतात आणि पोटाच्या पोकळीत चरबी साठवून, त्या चरबीच्या हातून तो वाढवते. ही वाट नीट समजली, की कोणता आकडा पाहायचा, किती दिवस थांबायचे आणि आहारातली कोणती गोष्ट आधी बदलायची, हे आपोआप स्पष्ट होत जाते.

साधी पांढरी साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोजच्या प्रत्येक रेणूत एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेले असते. आतड्यात ही जोडी तुटते आणि दोघांचे मार्ग वेगळे होतात. ग्लुकोज रक्तातून सर्व शरीरभर जाते. स्नायू, मेंदू, चरबीच्या पेशी असे सगळेच ते वापरतात. फ्रुक्टोजचा मोठा वाटा मात्र यकृतालाच पेलावा लागतो. ग्लुकोजच्या विघटनाच्या मार्गावर एक चौकी आहे, आणि पेशीत ऊर्जा पुरेशी असली की ती चौकी पुढची वाहतूक मंद करते. फ्रुक्टोजवर फ्रुक्टोकायनेज नावाचे विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) काम करते आणि ते ही चौकी टाळून कच्चा माल सरळ पुढे ढकलते. पेशीला गरज असो वा नसो, माल येत राहतो आणि शिल्लक राहिलेल्या मालाची चरबी बनते. या घाईत पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू झपाट्याने खर्ची पडतो, आणि त्याच्या अवशेषांतून युरिक आम्ल तयार होते. अहवालात वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि वाढलेले युरिक आम्ल अनेकदा जोडीने का दिसतात, याचे एक कारण येथे सापडते.

येथे वेगाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. उंदरांवर झालेल्या २०१८ मधील एका प्रयोगात असे दिसले, की थोडे फ्रुक्टोज आले तर लहान आतडेच त्याचे बरेचसे रूपांतर करून टाकते, आणि मोठी मात्रा एकदम आली की आतड्याची क्षमता अपुरी पडून उरलेले फ्रुक्टोज यकृतावर जाऊन कोसळते. उंदीर आणि माणूस यांत फरक आहे हे मान्य करूनही, पाच मिनिटांत रिकामी होणारी बाटली आणि चावून खाल्लेले फळ यांत शरीराला फरक का जाणवत असावा, हे यावरून समजते.

यकृतात बनलेल्या चरबीतील काही भाग रक्तात सोडला जातो; तोच अहवालातील ट्रायग्लिसराइडचा आकडा वाढवतो. काही भाग यकृतातच साचतो. चरबी साचलेले यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्रभर, काही खाल्लेले नसतानाही, रक्तात ग्लुकोज सोडत राहते. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करून परिस्थिती सावरते. सकाळची उपाशीपोटीची साखर त्यामुळे वर्षानुवर्षे ठीक दिसते आणि पडद्यामागे इन्सुलिनची पातळी मात्र चढत जाते.

आता दाहाकडे येते. चरबीच्या पेशी म्हणजे नुसते कोठार, ही समजूत १९९३ मध्ये मोडली. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाह भडकवणारा रेणू तयार होतो आणि तो इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो, असे त्या वर्षी दाखवले गेले. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी लठ्ठपणात चरबीच्या ऊतीत रोगप्रतिकारक यंत्रणेतील भक्षक पेशींची गर्दी होते हे सिद्ध केले. फुगलेल्या, प्राणवायू अपुरा पडलेल्या, मरू घातलेल्या चरबीपेशींभोवती या भक्षक पेशी कडे करून बसतात आणि आयएल-६ सारखे दाहकारक रेणू स्रवतात. पोटाच्या पोकळीतील चरबीचे रक्त थेट यकृताकडे वाहते, आणि आयएल-६ पोहोचले की यकृत सीआरपी तयार करते. हा दाह ताप आणत नाही, दुखत नाही. म्हणूनच त्याला मंद दाह म्हणतात.

चाचण्यांचे पुरावे पाहिले तेव्हा चयापचयाच्या बाजूचे चित्र मला बरेच स्पष्ट दिसले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जादा वजनाच्या प्रौढांना १० आठवडे एकूण ऊर्जेच्या २५ टक्के इतके ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज पेयांतून दिले गेले. दोन्ही गटांचे वजन जवळपास सारखेच वाढले, तरी पोटाच्या पोकळीतील चरबी आणि इन्सुलिनची घटलेली परिणामकारकता फ्रुक्टोजच्या गटात ठळकपणे दिसली. थेट दाहाच्या बाबतीत मात्र निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. २०११ मधील एका अभ्यासात २९ निरोगी तरुणांनी तीन-तीन आठवडे रोज ४० ते ८० ग्रॅम साखरेची पेये घेतली आणि त्यांचा सीआरपी वाढला. २०१६ मधील दुसऱ्या अभ्यासात आठ-आठ दिवस वेगवेगळ्या शर्करांची पेये दिल्यावर त्यांच्या दाहकारक परिणामांत फरक आढळला नाही. आठ दिवसांत चरबीचे कोठार फारसे बदलत नाही. दाह चरबीच्या वाटेने येत असेल, तर इतक्या थोड्या काळात तो दिसण्याची अपेक्षा मी तरी ठेवणार नाही.

शेवटी मात्रेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मुक्त शर्करा (वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातील शर्करा) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत आणावी. दिवसाला २००० किलोकॅलरी धरल्या तर हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. माझ्या नेहमीच्या बाटलीच्या लेबलवर १०० मिलिलिटरला १०.६ ग्रॅम लिहिले होते; अर्ध्या लिटरला ५३ ग्रॅम. एके दिवशी मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर काचेची वाटी ठेवून तेवढी साखर ओतली. सपाट चमच्याने मोजत गेले तेव्हा तेरावा चमचा पडल्यावर आकडा जुळला आणि वाटीच्या कडेवरून दाणे काट्यावर सांडू लागले. एवढी साखर मी रोज, तहान लागली म्हणून, पीत होते.

तळटीप

लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु एक शंका नोंदवतो. हे सगळे साखरेचे परिणाम आहेत की जादा ऊर्जेचे? २०१३ मध्ये झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात साखरेच्या जागी तितक्याच ऊर्जेचे दुसरे कर्बोदक दिल्यावर वजनात फरक पडला नव्हता. साखर वाढवल्यावर वजन वाढले, ते एकूण खाणे वाढल्यामुळे. मग साखरेला वेगळे काढून दोषी ठरवण्याला आधार किती?

कोवळे_ऊन

तळटीप, शंका रास्त आहे, आणि वजनाच्या बाबतीत आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. यकृताच्या बाबतीत मात्र मी थोडी वेगळ्या मताची आहे. लठ्ठपणा असलेल्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगात ९ दिवस आहारातील फ्रुक्टोज कमी करून त्याच्या जागी तितक्याच ऊर्जेचे पिष्टमय पदार्थ दिले गेले. एकूण ऊर्जा तीच ठेवूनही यकृतातील चरबी आणि नवी चरबी बनण्याचा वेग, दोन्ही कमी झाले. त्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही त्याची उणीव आहे. दुसरा आधार २०२१ मधील आहे: निरोगी पुरुषांनी सात आठवडे रोज ८० ग्रॅम फ्रुक्टोज किंवा सुक्रोज असलेली पेये घेतली, तेव्हा यकृतातील मेदाम्लांची निर्मिती सुमारे दुप्पट झाली, आणि ग्लुकोजच्या पेयांनी तसे झाले नाही. एकूण ऊर्जा महत्त्वाची आहेच; तरीही ती कोणत्या रूपात आणि कोणत्या अवयवावर येऊन पडते, हे मला दुय्यम वाटत नाही.

तळटीप

२०२१ च्या अभ्यासाची माहिती मला नव्हती. ग्लुकोजचा गट तुलनेला ठेवला होता, हे निर्णायक आहे. शंका मागे घेतो. मात्र ‘फ्रुक्टोज हे ग्लुकोजपेक्षा अधिक दाहकारक’ असे विधान कुणी केले तर त्याला माझा विरोध राहील, कारण २०१८ च्या एका पद्धतशीर आढाव्यात तसे दिसून आलेले नाही.

शिंपले

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून धागालेखिकांच्या दाढेच्या अनुभवाविषयी लिहिते. हा गोंधळ आम्ही सतत पाहत असू. उच्चसंवेदी सीआरपी १ च्या खाली असेल तर हृदयविकाराच्या दृष्टीने जोखीम कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर अधिक असे धरतात. परंतु हे निकष शरीरात कोणताही तात्कालिक आजार नसताना लागू होतात. आकडा १० च्या वर गेला तर त्यावरून हृदयाविषयी किंवा साखरेविषयी काहीही बोलू नये, आधी जंतुसंसर्ग किंवा इजा शोधावी. सर्दी, हिरड्यांचा आजार, लचक, धूम्रपान, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, यांपैकी कशानेही तो वाढतो. त्यामुळे निदान दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून सरासरी पाहावी, असा सल्ला दिला जातो. एका आकड्यावरून आहाराचा हिशेब मांडणाऱ्यांना मी नेहमी विचारत असे, की गेल्या पंधरवड्यात काही दुखले-खुपले होते का.

आणखी एक तपासणी येथे आलेली नाही, म्हणून जोडते. रक्तातील ग्लुकोज हिमोग्लोबिनला विकराच्या मदतीशिवाय, नुसत्या सहवासाने चिकटते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीए१सी, म्हणजे अशा ग्लुकोज चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण, मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो: ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. हेच चिकटणे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील कोलॅजनसारख्या दीर्घायुषी प्रथिनांवरही होते. तेथे तयार झालेली संयुगे पेशींवरील विशिष्ट ग्राहींना जाऊन भिडतात आणि दाहाचे संकेत सुरू करतात. त्यामुळे रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली, तर चरबीच्या वाटेखेरीज ही दुसरी वाटही उघडते. धागालेखिकांच्या मांडणीत एवढी भर घालावी, असे मला वाटते. मात्र रक्तक्षय असेल किंवा नुकतेच रक्त चढवले असेल, तर एचबीए१सी दिशाभूल करू शकतो.

कोवळे_ऊन

शिंपले, मनापासून आभार. दुसऱ्या वाटेचा उल्लेख माझ्याकडून राहिला होता आणि तो आवश्यक होता.

पाणवठा

फळांचे काय? त्यांतही फ्रुक्टोज असते. माझ्या एका मैत्रिणीने या भीतीने फळे पूर्ण सोडली आहेत. आणि मध किंवा तपकिरी साखर घेतली तर फरक पडतो का?

शिंपले

अख्खे फळ सोडण्याची गरज नाही, हे मैत्रिणीला आग्रहाने सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुक्त शर्करेच्या व्याख्येत अख्ख्या फळातील आणि दुधातील शर्करा धरलीच जात नाही. फळांचा रस, मध आणि सर्व प्रकारचे पाक मात्र धरले जातात. फळात शर्करा पेशीभित्तिकांच्या आत, तंतूंच्या आणि पाण्याच्या सोबतीने असते, चावायला वेळ लागतो, पोट भरते. रस काढला की भित्तिका फुटतात आणि तीन-चार फळांची शर्करा एका पेल्यात उतरते. मध आणि तपकिरी साखर यांत इतर द्रव्ये इतकी थोडी असतात, की यकृताच्या दृष्टीने तो फरक नगण्य आहे.

दीपमाळ

माझ्या वडिलांविषयी लिहितो. ते आयुष्यभर सडपातळ. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, तेव्हा यकृतात चरबी असल्याचे कळले. घरातील कुणाचाच विश्वास बसेना. दिवसभरात सात-आठ वेळा, प्रत्येक वेळी तीन चमचे साखर घालून ते गरम पेय घेत. ताटात मात्र फार कमी वाढून घेत, त्यामुळे ‘यांचे खाणे किती मोजके’ असेच सर्व जण म्हणत. मी एकदा त्यांच्या शेजारी बसून दिवसभराचे चमचे कागदावर मांडले, तेव्हा बावीस झाले. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. सडपातळ माणसाला हे होऊ शकते का, आणि वजन कमी करायचे नसेल तर उपाय काय, हे जाणून घ्यायचे आहे.

कोवळे_ऊन

दीपमाळ, होऊ शकते. त्वचेखाली चरबी साठवण्याची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते. ती लवकर संपली, की वजन फारसे न वाढताही चरबी यकृतात आणि पोटाच्या पोकळीत जाते. बावीस चमचे म्हणजे सुमारे ८८ ग्रॅम. वर ज्या ८० ग्रॅमच्या प्रयोगाचा उल्लेख केला, त्याहून हे अधिक आहे, फक्त त्यातील निम्मे फ्रुक्टोज.

उपायाविषयी एक आशादायक अभ्यास आहे. यकृतात चरबी असलेल्या ११ ते १६ वर्षांच्या ४० मुलांवर झालेली ही चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांच्या घरी आठ आठवडे मुक्त शर्करा जवळजवळ नसलेला आहार पुरवला गेला. त्यांच्या यकृतातील चरबी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली, तर नेहमीचा आहार घेणाऱ्यांची २१ वरून २० वर. मुलांचे निष्कर्ष वृद्धांना जसेच्या तसे लागू होतील असे नाही, परंतु यकृतातील चरबी हलते आणि काही आठवड्यांत हलते, एवढे त्यातून निश्चित कळते. एक काळजी मात्र घ्यावी. वडील मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर साखर एकाएकी बंद केल्यास रक्तातील ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा वेळी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावी.

दीपमाळ

ते मधुमेहाची कोणतीही औषधे घेत नाहीत. दर पंधरवड्याला प्रत्येक पेल्यातील अर्धा चमचा कमी करायचे आम्ही ठरवले आहे. त्यांनीच ही गती सुचवली.

संथवाहिनी

प्रौढांविषयी बरेच बोलून झाले. बाळांविषयी कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये सुरू झालेले साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये संपले आणि प्रौढांचे साखरेचे सरासरी सेवन दिवसाला सुमारे ४० ग्रॅमवरून जवळजवळ दुप्पट झाले. त्या तारखेच्या थोडे आधी आणि थोडे नंतर जन्मलेल्या लोकांची तुलना करणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भावस्था आणि पहिली दोन वर्षे रेशनिंगच्या काळात गेलेल्यांना उतारवयात टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. असा प्रयोग मुद्दाम करणे शक्य नसते. इतिहासाने तो करून ठेवला होता. मी स्वतः दीड वर्षाच्या मुलीची आई आहे आणि हे वाचल्यापासून तिच्या खाण्याच्या प्रत्येक डब्याचे लेबल उलटून पाहते. घरातील वडीलधाऱ्यांना हे पटवून देणे कठीण जाते, कारण त्यांचे प्रेम गोड घासातून व्यक्त होते, आणि त्यांचे मन दुखवायची माझी इच्छा नसते.

पाणवठा

साखरेऐवजी कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ घेतले तर?

तळटीप

वजन ताब्यात ठेवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले आहे. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांना ही सूचना लागू नाही. गोड पेय सोडताना काही आठवड्यांची कुबडी म्हणून कुणी ते वापरले, तर मला गैर वाटत नाही.

दीपमाळ

वडिलांची पुढची तपासणी कधी करावी आणि त्यात काय काय असावे, हे कृपया कुणी सांगाल का?

शिंपले

तीन महिने जाऊ द्या. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ग्लुकोज, शिवाय एचबीए१सी, एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) आणि युरिक आम्ल एवढे पुरे. घरच्या घरी रक्तदाब आणि कमरेचा घेर मोजा. ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि स्त्रियांत ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, उपाशीपोटी ग्लुकोज १०० किंवा अधिक, आणि वाढलेला घेर (याची मर्यादा लोकसमूहानुसार बदलते), या पाचांपैकी तीन गोष्टी असतील तर त्याला चयापचय विकारसमूह म्हणतात. एएलटी सामान्य आले म्हणून यकृतात चरबी नाही असे समजू नका. चरबी असूनही ते सामान्य असू शकते. सीआरपी करायचाच असेल, तर त्या पंधरवड्यात सर्दी-पडसे, दातदुखी, लस किंवा इजा झाली नव्हती याची खात्री करून घ्या. घेर बरगडीचे शेवटचे हाड आणि नितंबाच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजा, आणि दर वेळी एकाच व्यक्तीने मोजा.

दीपमाळ

आजच टेप घेऊन मोजले. ९४ सेंटिमीटर. तारीख घालून चमच्यांच्या त्याच कागदावर खाली लिहून ठेवले आहे.